राखलेल्या जमिनीचं देणं : जयपूरचा अनुभव

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि रोइंगच्या शर्यती जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर असलेल्या रामगड तलावात. बाणगंगा नदीवरचा हा तलाव महाराजा माधोसिंह दुसरे यांनी बांधायला घेतला आणि १९०३ मध्ये तो पुरा झाला. १९३१ पासून त्याचं पाणी जयपूरच्या नळांना येऊ लागलं. सहलीला जायचं तर रामगडला, हे शहराच्या कित्येक पिढ्यांचं ठरलेलं होतं. या शतकाच्या सुरुवातीला तलाव आटला आणि त्यानंतर तो धड भरलाच नाही. आता जयपूरला पाणी येतं ते टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून.

शहराभोवतीची मोकळी जमीन, डोंगर, कुरण, पाणथळ जागा राखून ठेवल्याने सामान्य माणसाच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न आज पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात रोज उभा राहतो. त्यावर बोलताना आपण बहुधा ‘निसर्ग वाचवा’ एवढ्यावर थांबतो, आणि समोरचा ‘मग लोकांनी राहायचं कुठे?’ असं विचारून वाद संपवतो. जयपूरकडे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवणारा मोठा अनुभव आहे. तिथे जमीन राखली गेली, गमावली गेली, काँक्रीटने मढवली गेली आणि काही ठिकाणी कष्टाने परत उभी केली गेली. त्या सगळ्याचा हा आढावा.

डोंगर शिल्लक कसे राहिले

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवलं, ते अरवलीच्या कुशीत. उत्तरेला नाहरगड आणि आमेरचे डोंगर, पूर्वेला गलता आणि आमागड, दक्षिणेकडे झालाना. हे डोंगर शहराच्या इतके जवळ असूनही उरले, याचं पहिलं कारण राजघराण्याची शिकार. झालानाच्या जंगलात आजही शिकारीसाठी बांधलेली जुनी ओदी उभी आहे. ही रानं राजाची असल्यामुळे बाजारात आली नाहीत. स्वातंत्र्यानंतर ती वनखात्याकडे गेली आणि १९८० मध्ये नाहरगड परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे जयपूरचं पहिलं संवर्धन लोकांसाठी झालेलंच नव्हतं. लोकांना त्याचा लाभ मिळाला, तो पुढे.

लोकांसाठी म्हणून केलेलं मोठं काम पाहायचं तर रामनिवास बागेकडे जावं लागतं. महाराजा रामसिंह दुसरे यांनी १८६८ मध्ये ही बाग उभारायला घेतली, ती दुष्काळात हातांना काम मिळावं म्हणून. परकोट्याच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतल्या, दाट वस्तीला बागेमुळे मोकळा श्वास मिळाला आणि बांधताना उपाशी माणसांना मजुरीही मिळाली. सार्वजनिक जागा आणि रोजगार यांची ही सांगड दीडशे वर्षांपूर्वीची आहे. आजच्या रोजगार हमीच्या कामांकडे बघतानाही ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पाणी : पहिला आणि सर्वांत मोठा लाभ

नाहरगडावर गेलं की बहुतेकांचं लक्ष शहराच्या देखाव्याकडे जातं, किंवा ‘रंग दे बसंती’मुळे गाजलेल्या बावडीकडे. बावडीपाशी थांबून जरा आजूबाजूच्या उतारांकडे पाहावं. डोंगराच्या अंगाने दगड-चुन्याचे लहान पाट फिरत फिरत येताना दिसतात. पाऊस पडला की उतारावरचं पाणी या पाटांत उतरतं आणि बावडीत जमा होतं. बावडीच्या पायऱ्यासुद्धा डोंगराच्या वळणाप्रमाणे वेड्यावाकड्या आहेत. वर्षाला जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात किल्ल्यावरची माणसं अशा रीतीने आभाळातलं पाणी वापरत होती. या सगळ्या रचनेला एकच गोष्ट अत्यावश्यक होती. तो उतार मोकळा हवा, त्यावर घर नको, खाण नको, गुरांनी ओरबाडलेली उघडी माती नको.

रामगडचं दुखणं नेमकं इथेच आहे. तलावाची भिंत अजून जागेवर उभी आहे, बिघडलं ते भिंतीच्या वरच्या अंगाला. बाणगंगेला मिळणाऱ्या ओढ्यांवर जागोजागी लहान बांध पडले, प्रवाहाच्या जमिनीत शेती शिरली, फार्महाऊस आणि रिसॉर्ट झाले, रस्त्यांचे भराव पडले. राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अब्दुल रहमान खटल्यात राज्यातले ओढे-नाले आणि जलाशय १५ ऑगस्ट १९४७ च्या स्थितीला आणण्याचा आदेश दिला. २०११ मध्ये रामगडमधल्या अतिक्रमणांची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तलाव मात्र कोरडाच राहिला. २०२५ मध्ये तिथे ड्रोनने कृत्रिम पाऊस पाडण्याचाही प्रयत्न झाला. पाणलोट मोकळं करणं जमत नाही म्हणून ढगांना हात घालण्याची वेळ येते, यावरून गेलेली जमीन परत मिळवणं किती अवघड असतं ते कळतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईत आहे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत आणि मुंबईला अजून पाणी देतात. शहराच्या एकूण गरजेत त्यांचा वाटा आता लहान आहे, पण दीडशे वर्षांनंतरही ते भरतात, कारण त्यांच्या पाणलोटावर इमारती उभ्या राहू दिल्या नाहीत. पाण्यासाठी राखलेल्या त्या रानाभोवतीच पुढे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं उद्यान आकाराला आलं, आणि आज लाखो मुंबईकर तिथे फिरायला जातात. रामगड आणि विहार-तुळशी शेजारी ठेवून पाहिले की क्रम स्पष्ट होतो : आधी जमीन राखली जाते, मग पाणी टिकतं आणि त्यामागून सहल येते. राखलेली जमीन हे मुद्दल आणि करमणूक हे त्याचं व्याज. रामगडला मुद्दलच खाल्लं गेलं.

उघड्या डोंगरउतारांची किंमत जयपूरने पुरातही मोजली आहे. १९८१ च्या जुलैमधला महापूर जुने जयपूरकर विसरलेले नाहीत. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये वाळू-मातीचे लोंढे उतरले आणि घरांसमोर लावलेल्या मोटारी आणि दुचाकी त्यात गाडल्या गेल्या. अशा वस्त्यांत राहणारी माणसं गरीब असतात. डोंगर उघडा पडला की पहिला फटका त्यांना बसतो, म्हणून डोंगर झाकलेला राहणं ही मुळात त्यांची गरज आहे.

बिबट्याचा शेजार आणि त्यातून आलेली कमाई

झालानाचं जंगल सुमारे वीस चौरस किलोमीटरचं. एका बाजूला मालवीयनगरसारख्या वसाहती, दुसरीकडे कच्च्या वस्त्या, पलीकडे आग्रा रस्ता. कधीकाळी इथे दगडाच्या खाणी चालत. खाणी थांबल्या, वनखात्याने भिंत घातली, पाणवठे केले, गवताला वाव दिला आणि जंगल सावरलं. २०१६-१७ च्या सुमारास इथे बिबट्या सफारी सुरू झाली. २०२२ मध्ये आग्रा रस्त्यापलीकडचं आमागडही खुलं झालं. भरवस्तीच्या कडेला सकाळ-संध्याकाळ जिप्सीतून जाऊन बिबट्या पाहता येईल अशी ठिकाणं जगात फारशी नाहीत. जिप्सीचालक, गाइड, पहारेकरी, छायाचित्रकार, बाहेरची चहाची टपरी अशी एक साखळी या जंगलावर जगते. नाहरगडच्या पायथ्याशी २०१६ मध्ये जैविक उद्यान सुरू झालं, आणि रामनिवास बागेतल्या जुन्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांतले मोठे प्राणी तिकडे हलवता आले.

बिबट्याचा एक लाभ तिकिटाच्या हिशेबात दिसत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाबाबतचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले बिबटे मोठ्या प्रमाणावर भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे वर्षाला सुमारे एक हजार श्वानदंश टळत असावेत, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखान्यात रांग लावणाऱ्या कुटुंबाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

धोका मात्र खरा आहे. बिबट्या वसाहतीत शिरल्याच्या बातम्या जयपुरात अधूनमधून येतात. लोक घाबरतात, आणि त्यांनी घाबरू नये असं सांगणं हा उद्धटपणा आहे. मुंबईत २०११ पासून वनखातं, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून काम केलं : कचरा उचलणं, लहान मुलांना अंधारात एकटं न सोडणं, बिबट्या दिसताच गर्दी न करणं, पिंजरे लावून प्राणी दुसरीकडे सोडण्याचा आग्रह न धरणं. त्यातून हल्ले कमी झाले. जयपूरला सफारीइतकंच लक्ष या कामाकडे द्यावं लागेल, कारण बिबट्यासोबत जगण्याचा भार जंगलाच्या कुंपणाला लागून असलेल्या कच्च्या वस्तीवर पडतो आणि सफारीचं तिकीट काढणारा बहुधा दुसऱ्याच वस्तीतला असतो.

चालायला जागा

श्रावण-भाद्रपदात पाऊस झाला की जयपूरकर कुटुंब ‘गोठ’ करायला बाहेर पडतं. गलता, खोले के हनुमानजी, आमेरच्या बाजूचे डोंगर, कुठे तरी झाडाखाली किंवा मंदिराच्या रसोईत दाल-बाटी-चूरमा शिजतो, नातेवाईक जमतात, मुलं डोंगरावर धावतात. आपल्याकडच्या वनभोजनाचा हा सख्खा भाऊ. या करमणुकीला तिकीट नसतं, आणि ती नगरनियोजनाच्या आराखड्यात कुठे लिहिलेलीही नसते. जमीन मोकळी आणि वाट खुली, एवढंच तिला लागतं.

रोजच्या चालण्यासाठी शहरात सेंट्रल पार्क आणि कुलिश स्मृतिवन आहेत. पहाटे तिथे गर्दी असते. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोचलेल्या काळात डॉक्टर ‘रोज चाला’ म्हणतात, आणि चालायला पदपथ नसलेल्या शहरात ही बागच औषधाचं काम करते. हिरवाईचा आरोग्याशी असलेला संबंध संशोधनानेही दाखवला आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

जयपूरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग मात्र किशनबागेचा. विद्याधरनगरच्या बाजूला, नाहरगडच्या पायथ्याशी वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूच्या जुन्या टेकड्या आहेत. अशा जागेला सरकारी भाषेत ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक म्हटलं की ती संपवायला सगळे मोकळे. जयपूर विकास प्राधिकरणाने ही सुमारे ६४ हेक्टर जागा वाचवली. जोधपूरच्या राव जोधा मरुउद्यानाचा अनुभव गाठीशी असलेले प्रदीप कृष्ण आणि त्यांचे सहकारी विजय धस्माना यांनी तिथे मखमली हिरवळ आणि कारंजी टाळून वाळवंटातल्या मूळच्या वनस्पती लावल्या. डिसेंबर २०२१ मध्ये बाग खुली झाली. लाकडी वाटेवरून चालताना एका बाजूला वाळूत रुजणारं गवत, दुसरीकडे खडकात तगणारी झुडपं, मध्येच राजस्थानातल्या दगडांचे नमुने. शमी म्हणून आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती खेजडी, हिवर अशी झाडं इथे स्थानिक म्हणून मानाने उभी आहेत. फारसं पाणी न मागणारी बाग कशी असते, हे शाळेतल्या मुलाला इथे डोळ्यांनी दिसतं. मराठवाड्यात, सोलापुरात, सांगलीच्या पूर्व भागात हिरवळीची उद्यानं उभारून टँकरने शिंपणाऱ्या नगरपालिकांनी ही बाग येऊन पाहावी.

पाण्याकाठची शोभा आणि तिची मर्यादा

जलमहाल ज्यात उभा आहे तो मानसागर तलाव अनेक वर्षं शहराच्या सांडपाण्याने कुजत होता. ब्रह्मपुरी आणि नागतलाई हे दोन नाले थेट त्यात उतरत. या शतकाच्या आरंभी सांडपाणी वळवलं, गाळ काढला, पक्षी परतले. पण त्याच प्रकल्पात तलावाकाठची शंभर एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने खासगी विकसकाला दिली गेली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तो करार रद्द ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तलाव सुधारायला पैसा लागतो हे खरं. तो उभा करण्यासाठी तलावाचाच काठ देऊन टाकला, तर सुधारलेला तलाव शेवटी कोणाचा उरतो, हा प्रश्न त्या खटल्याने कायमचा नोंदवून ठेवला.

द्रव्यवती नदीची गोष्ट आणखी बोलकी आहे. नाहरगडच्या डोंगरांत उगम पावून शहरातून ४७ किलोमीटर वाहणारी ही नदी ‘अमानीशाह नाला’ होऊन बसली होती. २०१६ मध्ये सुमारे १,६७६ कोटींचा प्रकल्प सुरू झाला, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, चालण्या-सायकलचे मार्ग, बागा झाल्या आणि २०१८ मध्ये काही भाग खुला झाला. जिथे नाक दाबून जावं लागे तिथे लोक फिरू लागले, हे मान्य करायला हवं. पण पात्राचा मोठा भाग काँक्रीटने बांधला गेला. तिथे पाणी जमिनीत मुरत नाही, नदीकाठची झाडी आपोआप उगवत नाही, आणि सगळी शोभा देखभालीच्या ठेक्यावर टिकून राहते. ठेक्याचा वाद झाला की बागा सुकतात, पाण्याला पुन्हा वास येतो. मुळा-मुठेच्या काठावर आज नदीकाठ विकासाचं जे काम चाललं आहे, त्याकडे पाहताना पुणेकरांनी द्रव्यवती आठवावी.

गावाची सामाईक जमीन

जयपूर शहरातून दूदूच्या दिशेने ऐंशी किलोमीटरवर लापोडिया नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लक्ष्मणसिंह यांनी गावकऱ्यांना जमवून इथे तळी दुरुस्त करायला सुरुवात केली. तळ्यांना नावं दिली : अन्नसागर, देवसागर, फूलसागर. पुढे त्यांनी गायरानासाठी ‘चौका’ पद्धत बसवली. कुरणात उथळ चौकोनी खड्डे, तीन बाजूंना मातीचे बांध. त्यात पाणी नऊ इंचांपर्यंत साठतं. त्याहून जास्त झालं की ते पुढच्या चौक्यात जातं आणि शेवटी तळ्यात उतरतं. नऊच इंच, कारण त्याहून खोल पाण्यात गवत कुजतं. गवत वाढलं, गुरं टिकली, विहिरींना पाणी आलं आणि दुष्काळातही गावाचं दूध डेअरीला जात राहिलं. २०२३ मध्ये लक्ष्मणसिंहांना पद्मश्री मिळाली. या सगळ्यात सहलीचा संबंध नाही. राखलेल्या जमिनीचा लाभ गावात असा दुधाच्या किटलीतून मोजला जातो.

राजस्थानात अशा जमिनींना ओरण, गोचर, बीड अशी नावं आहेत. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईची बहीण. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात राजस्थानातल्या ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांची वन म्हणून नोंद करायला सांगितलं, आणि राखणाऱ्या समाजांच्या हक्कांकडेही लक्ष वेधलं. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कुंपण घालून गुराख्याला बाहेर काढलं, तर जमीन राखणारा माणूसच आपण गमावतो.

विरोधी बाजू

जमीन राखण्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. शहरात घरं हवीत, कारखाने हवेत. संवर्धनाच्या नावाखाली गरीब उठवले जातात हेही खोटं नाही. मुंबईत १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्या उठल्या, चांदिवलीचं संघर्षनगर त्यातून उभं राहिलं, आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यांचे प्रश्न अजून लोंबकळत आहेत. बागेशेजारच्या जमिनीचा भाव वाढतो तेव्हा भाडेकरू दूर फेकला जातो. पुण्यात जैवविविधता उद्यानासाठी ९७८ हेक्टर टेकड्या आरक्षित झाल्या, पण खासगी मालकांच्या मोबदल्याचा तिढा वर्षानुवर्षं सुटला नाही. टेकडी सर्वांसाठी राखायची आणि तिचा खर्च एका शेतकऱ्याने सोसायचा, हा न्याय नाही.

पण या तक्रारी जमीन राखण्याच्या पद्धतीविरुद्ध आहेत, मूळ गरज त्यांनी खोडून निघत नाही. पुनर्वसन, मोबदला, चराईचे हक्क हे माणसांनी ठरवायचे विषय आहेत आणि ते सुधारता येतात. बुजलेला ओढा आणि फोडलेला डोंगर पूर्ववत करणं मात्र फार अवघड असतं.

आज

जयपुरात टोंक रोडच्या बाजूचं ‘डोल का बाढ’ हे शंभरेक एकरांचं, खेजडींनी भरलेलं रान मॉल आणि व्यापारी संकुलासाठी तोडू नये म्हणून नागरिक झगडत आले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या जमिनीपासून शंभर मीटर उंच असेल तीच टेकडी ‘अरवली’ ही व्याख्या स्वीकारली, तेव्हा राजस्थानभर लोक रस्त्यावर उतरले. डिसेंबरअखेरीस न्यायालयाने स्वतःच तो निकाल थांबवून ठेवला. पाणी अडवण्याचं आणि माती धरण्याचं काम ठेंगणी टेकडीही करते. उंचीची फूटपट्टी लावून तिची योग्यता ठरवणं चुकीचं आहे.

हा सगळा अनुभव पाहून माझं मत असं झालं आहे. कुठल्याही शहराने मोकळ्या जमिनीबाबत निर्णय घेताना चार गोष्टी तपासाव्यात. पाणलोट अखंड राहतं का? रिकाम्या खिशाच्या माणसाला तिथे पाऊल टाकता येतं का? ठेकेदार निघून गेल्यावरही ती जागा जगेल का? आणि जी माणसं ती पिढ्यान्‌पिढ्या राखत आली, त्यांचं स्थान शाबूत आहे का? किशनबाग आणि लापोडिया यांतल्या बहुतेक कसोट्यांना उतरतात. झालाना अर्ध्याला उतरतं, कारण तिथली वाट जिप्सीच्या तिकिटातून जाते. द्रव्यवती तिसऱ्या कसोटीला अडखळते आणि रामगड पहिल्यालाच नापास झाला.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज चढणाऱ्यांनी, कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी, गायरानाचा ठराव ग्रामसभेत येणार असलेल्या प्रत्येक गावाने हे चार प्रश्न आपल्या नगरसेवकाला आणि सरपंचाला आत्ताच, आराखडा मंजूर होण्याआधी लेखी विचारावेत. हरकती-सूचनांची मुदत बहुधा तीस दिवसांची असते. ती उलटून गेल्यावर आंदोलन करता येतं, पण तोवर जमीन बहुतेक वेळा हातची गेलेली असते.